कुलपातला राउटर

बाईंना अख्खी संस्था राउटरबाई म्हणायची, आणि राउटरच्या आत काय असतं ते बाईंनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ऐकणाऱ्याला हसू येतं. बाईंना येत नसे.

शाळा संपवून लगेच हाताला काम हवं असलेली मुलंमुली जिथे येतात, तसली ती संस्था. खाली सुतारकाम आणि वायरिंग, वर संगणक. वरच्या लांबलचक वऱ्हांड्याच्या एका टोकाला बाईंचा वर्ग, दुसऱ्या टोकाला स्टोअर. बाई संगणकांची जाळी जोडायला शिकवायच्या, आणि त्यातला त्यांचा हातखंडा धडा राउटरचा. इथला निरोप तिथे कोणत्या वाटेने धाडायचा हे ठरवणारा तो चपटा लोखंडी डबा बाई असा रंगवून सांगायच्या, की मागच्या बाकावरची पेंगणारी पोरंही सरळ बसायची. "प्रोसेसर म्हणजे घरातली कर्ती बाई. रॅम म्हणजे तिच्या डोक्यात या घटकेला चाललेलं, लाइट गेली की विसरली! फ्लॅश म्हणजे कपाटात लावून ठेवलेलं सामान, लाइट गेली तरी जागच्या जागी. आता दाखवा बरं, रॅम कुठली?"

मुलं दाखवायची. कुठे? भिंतीवरच्या तक्त्यावर. त्या तक्त्यात राउटर झाकण काढून, वरून पाहिल्यासारखा छापलेला होता. इतक्या बॅचेसनी त्यावर बोटं ठेवली होती, की रॅमच्या जागी कागदाला चक्क भोक पडलं होतं आणि त्यातून भिंतीचा चुना दिसायचा.

खरा राउटर स्टोअरमध्ये होता. काचेच्या कपाटात, कुलपात, कापडी अभ्र्यात. हा अभ्रा बाईंच्याच सासूबाईंनी शिवला होता, निळी पायपिंग लावून. राउटर नवा आला तेव्हा बाईंना त्याचं फार कौतुक होतं, धूळ बसू नये म्हणून त्यांनीच माप नेलं होतं. आपल्या हाताने आपण काय झाकतोय हे तेव्हा त्यांना कुठे ठाऊक! वर्षातून एकदा तो डबा वर्गात यायचा. मुलं लांबून बघायची: हे कन्सोलचं तोंड, इथे संगणक लावून त्याला हुकूम द्यायचे, ही जाळ्याची तोंडं, ही जादा कार्डाची खाच. तोंडांवरची प्लॅस्टिकची टोपणंसुद्धा काढायची नाहीत. वीज तर द्यायचीच नाही. लगेच पुन्हा अभ्रा, पुन्हा कपाट, पुन्हा कुलूप.

कुलूप स्टोअरकीपरच्या हातात. मुलं त्यांना पाठीमागे कुलूपकाका म्हणायची. माणूस वाईट नव्हता. दर आठवड्याला तो डबा ते मऊ फडक्याने पुसायचे, एवढं स्वतःचा चष्मासुद्धा पुसत नसतील. पण वस्तू आणि वापर या दोन गोष्टी एका जागी आल्या की त्यांचा हात आपोआप किल्ल्यांच्या जुडग्यावर जायचा.

सगळं असंच चालू राहिलं असतं. पण एक दिवस किराणा दुकानात बाईंना त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. हुशार मुलगी, बाईंची लाडकी. बाईंनी हौसेने विचारलं, "काय गं, लागलीस का कुठे?"

मुलगी आधी हसली, मग तिचं हसू ओसरलं. "बोलावलं होतं, मॅडम. तोंडी सगळं आलं. मग त्यांनी राउटर उघडून पुढे ठेवला आणि म्हणाले, याची मेमरी बदल. मी बघतच राहिले. तक्त्यावर डावीकडे होती, इथे डावीकडे तर नुसता पंखा. मला एक कार्ड दिसलं, मी ते उपसलं. ते फ्लॅश होतं." ती पिशवीचा बंद पिळत राहिली. "चौघंजण बघत होते. एक जण म्हणाला, हिने राउटर फोटोतच पाहिलाय वाटतं."

बाईंचा चेहरा उतरला. मुलगी बिचारी उलट त्यांचीच समजूत घालू लागली, "तुम्ही चांगलंच शिकवलंत, मॅडम. फक्त राउटर दाखवायचा राहिला."

त्या वाक्याने बाईंचं जेवण गेलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ही बॅच आत पाहिल्याशिवाय बाहेर पडणार नाही, असं त्यांनी त्या दुकानातच ठरवलं. ठरवणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या स्टोअरच्या दारात उभ्या. "काका, राउटर उघडायचाय."

कुलूपकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "उघडलं आणि बिघडलं तर?"

"चार स्क्रू काढायचेत हो, काका. बिघडायला काय झालं?"

"वरून लेखी आणा."

वर म्हणजे प्राचार्य. त्यांची केबिन वऱ्हांड्याच्या मधोमध, पंख्याखाली मोठं टेबल, मागे भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाखाली लुकलुकणारे हिरवे दिवे. बाई टेबलापुढे उभ्या राहून त्या दिव्यांकडे बघत आपलं म्हणणं मांडायच्या, कारण प्राचार्यांच्या तोंडाकडे बघून बोललं की ते मध्येच तोडायचे. प्राचार्य म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही, मॅडम. स्टोअरची हरकत नसली म्हणजे झालं."

स्टोअर म्हणालं, वॉरंटीत असलेली वस्तू उघडता येत नाही. बाईंनी जुनी कागदपत्रं काढून दाखवलं, की वॉरंटी संपून युगं लोटली. तर काका म्हणाले, "मग तर मुळीच उघडायला नको. बिघडला तर आता दुरुस्त कोण करून देणार?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वॉरंटी आहे म्हणून उघडायचा नाही, वॉरंटी नाही म्हणूनही उघडायचा नाही! पुन्हा केबिन, पुन्हा हिरवे दिवे. प्राचार्य म्हणाले, बैठकीत ठेवू. बैठकीत विषय निघेपर्यंत चहा आला, आणि चहानंतर पार्किंगचा विषय निघाला. बाईंचे हेलपाटे बघून वायरिंगचे सर म्हणाले, "कशाला जीव काढताय? पेपरात आकृतीच येते ना?" या बोलण्याचा बाईंना सगळ्यात जास्त संताप आला, कारण ते खरं होतं.

घरी त्या भांडी आपटू लागल्या. नवऱ्याने शहाणपणाने पेपरात डोकं घातलं. सासूबाईंनी मात्र शिवणयंत्र थांबवून विचारलं, "कुणावर चाललंय हे?"

बाईंनी सगळं सांगितलं, अभ्र्यासकट. सासूबाई चाळीस घरच्या मुलींना शिवण शिकवलेली बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि यंत्राची खालची चकती सरकवून बॉबिन काढून टेबलावर ठेवली. "माझ्याकडे मुलगी आली की पहिल्या दिवशी हेच. काढ, बघ, परत बसव. दोरा गुंतेल, सुई मोडेल, मोडू दे. तू काय गं, इतकी वर्षं त्यांना मशीनचं चित्र दाखवतेस?"

"मी काय करू, आई? कुलूप माझ्या हातात नाही!"

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि बॉबिन परत बसवली. त्या 'हं'मध्ये काय होतं ते बाईंना नीट कळलं, आणि त्या रागाने ताटावर बसल्या.

शेवटी कुलूप उघडलं ते बाईंच्या रडण्याने नाही, तर नव्या अभ्यासक्रमाने. त्यात प्रॅक्टिकलचा पहिलाच प्रश्न आला: राउटरचे बाहेरचे भाग ओळखा, झाकण काढून आतले भाग ओळखा. परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक येणार. आता हो ला हो म्हणण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं. बाईंनी तरी काकांना विनवलं, "परीक्षेच्या आधी एकदा मुलांना बघू द्या." काका म्हणाले, "परीक्षेला उघडायचाच आहे ना? मग दोनदा कशाला?" इथे बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

परीक्षेच्या दिवशी कुलूपकाका तान्हं मूल आणावं तसा तो डबा दोन्ही हातांवर घेऊन वर्गात आले. अभ्रा काढला, घडी घातली, खिशात ठेवली. परीक्षक म्हणजे सौम्य, थकलेले गृहस्थ, त्यांना अजून दोन संस्था करायच्या होत्या. मुलं भोवती दाटीवाटीने उभी. मुलांचं सोडा, आपल्याला तरी ओळखता येईल ना, ही धास्ती बाईंनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी एका मुलीच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. स्क्रू निघाले. झाकण मागे सरकलं, वर उचललं गेलं.

आत काही नव्हतं.

काही नव्हतं म्हणजे खरोखर काही नव्हतं. ना बोर्ड, ना पंखा, ना वीजपुरवठ्याचा डबा. तळाला वजनासाठी एक जाड लोखंडी पट्टी स्क्रूने बसवलेली, आणि पाठीमागच्या तोंडांच्या आतल्या बाजूला गुळगुळीत प्लॅस्टिकचे ठोकळे. कुणीतरी हळूच पुटपुटलं, "बडा घर, पोकळ वासा." पण हसलं कुणी नाही.

कुलूपकाकांनी डबा उलटा केला. तळाला संस्थेच्या डेडस्टॉक नोंदवहीतल्या नंबराचं स्टिकर होतं, त्यांनीच नवा असताना चिकटवलेलं. त्याची कड त्यांनी नखाने उचलली. खाली बारीक छापलेलं होतं: फक्त प्रदर्शनासाठी. दुकानात मांडायचा पोकळ नमुना होता तो. नंबर चिकटवायला काकांना नेमकी तीच मोकळी जागा सापडली होती. ते स्टिकर परत दाबून बसवू लागले, ते बसेना. एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून त्यांनी एक रिकामा डबा राखला होता, आणि बाईंनी त्या रिकाम्या डब्याला पायपिंगचा अभ्रा शिवून आणला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

प्राचार्य धावत आले. थोडी कुजबुज झाली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. मुलांची काय चूक? तक्त्यावर दाखवू द्या. सगळ्यांना पूर्ण मार्क देऊन मोकळं होऊ."

प्राचार्यांचा चेहरा उजळला. मुलांचे तर उजळलेच. बाईंना मात्र किराणा दुकानातली ती पिशवीचा बंद पिळणारी बोटं दिसली. ही सगळी मुलं पूर्ण मार्क घेऊन बाहेर पडणार आणि कुणाच्या तरी पुढ्यात जाऊन फ्लॅश उपसणार.

"नको," बाई म्हणाल्या.

"मॅडम, नको काय? मार्क मिळतायत!"

"मार्क मिळतायत हो सर, पण राउटर?" आवाज चढला होता, बाईंना पर्वा नव्हती. "एवढ्या मोठ्या संस्थेत एक राउटर नाही?"

"चला, केबिनमध्ये बसून बोलू," प्राचार्य खालच्या आवाजात म्हणाले. मुलांसमोर शोभा नको, एवढाच त्यांचा हेतू. परीक्षकांसाठी चहा मागवला गेला. बाई नेहमीच्या जागी, टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि सवयीने प्राचार्यांच्या डोक्यावरच्या हिरव्या दिव्यांकडे बघत बोलू लागल्या. बोलता बोलता थांबल्या.

दिवे एका चपट्या लोखंडी डब्यावर होते. डब्याला पाठीमागे तोंडं होती, तोंडांत निळ्या-पिवळ्या वायरी होत्या. संस्थेत त्याला सगळे 'नेट' म्हणायचे. नेट चालू आहे का, नेट गेलं का. राउटर म्हणजे स्टोअरमधला, अभ्र्यातला. हे आपलं नेट. राउटरच्या परवानगीसाठी बाईंनी जेवढ्या वेळा या केबिनचा उंबरा झिजवला, तेवढ्या वेळा त्या एका चालत्याबोलत्या राउटरशीच डोळ्याला डोळा लावून उभ्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि वळसा घालणारी कोण, तर राउटरबाई. प्राचार्यांचा राग येता येता त्यांना स्वतःचाच इतका राग आला, की कान तापले.

स्टूल ओढलं, चढल्या, आणि त्यांनी विजेची पिन उपसली.

"अहो मॅडम! माझा अहवाल चाललाय वर! अर्धा गेलाय!" प्राचार्य ओरडले.

"अर्धा परत पाठवा, सर."

"आणि सगळं सेटिंग पुसलं गेलं म्हणजे?"

"पुसत नाही. सेटिंग वेगळ्या जागी जपलेलं असतं, वीज गेली तरी राहतं." हे बाई छातीठोकपणे म्हणाल्या खऱ्या, पण त्यांची त्यांनाच खात्री नव्हती. पुस्तकात तसं होतं. तक्त्यावर राउटरही होता आणि प्रत्यक्षात डबा पोकळ निघाला होता, तेव्हा पुस्तकाचा भरवसा त्या दिवशी तरी धरता येत नव्हता.

कोणती वायर कुठली हे कळावं म्हणून त्यांनी प्रत्येकीला पेनाने खुणेची रेघ मारली आणि डबा काखेत मारून वऱ्हांड्यातून निघाल्या. मागे प्राचार्य, त्यांच्या मागे हातात कप घेतलेले परीक्षक.

झाकण निघालं आणि सगळी मुलं एकदम "अरे!" म्हणाली. आत गच्च संसार होता. धूळ तर एवढी, की पंख्याच्या पात्यांना लव आल्यासारखी दिसत होती. "आधी लोखंडाला हात लावा," बाई म्हणाल्या, "अंगातली वीज आत जायला नको." मग त्यांनी स्वतः आत वाकून पाहिलं. तक्त्याशी काहीही जुळत नव्हतं. वीजपुरवठा उजवीकडे होता, पंखे डावीकडे. तक्त्यावर भोक पडलेल्या जागी इथे एक नाणं मावेल एवढी गोल बॅटरी होती.

"मॅडम, रॅम कुठली?" स्क्रूड्रायव्हरवाली मुलगी म्हणाली.

खोटं सांगणं सोपं होतं. परीक्षकांनाही बहुधा कळलं नसतं. "मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी पण आजच बघतेय. थांबा, शोधू."

मग कुणाचं वय आणि कुणाचा हुद्दा, सगळं विसरून डोकी त्या डब्यावर वाकली. जाड तारा जिथून येतात तो वीजपुरवठा, हे एकाने धरलं. भल्यामोठ्या पन्हाळीदार पत्र्याखाली काहीतरी लपलंय, म्हणजे सगळ्यात तापणारं, म्हणजे प्रोसेसर, हे दुसरीने. प्रोसेसरला रॅम लागते घडीघडीला, तर ती त्याच्या जवळच हवी, बाई म्हणाल्या. उजेड कमी पडत होता. तेवढ्यात वरून टॉर्चचा झोत आला. कुलूपकाका कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्या उजेडात प्रोसेसरच्या शेजारी तिरकी झोपलेली एक लांबट हिरवी पट्टी दिसली, दोन्ही टोकांना चिमटे.

मुलीने चिमटे बाहेर दाबले. पट्टी टचकन वर उठली. तिच्या अंगावर काळ्या चौकोनी चिप्सची ओळ होती. आणि पार दुसऱ्या टोकाला, एका खाचेत, बारीक कार्ड डोकं बाहेर काढून बसलेलं. "ते फ्लॅश," बाई म्हणाल्या. "ते उपसायचं नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

प्रत्येकाने पट्टी काढली, प्रत्येकाने बसवली. परीक्षकांनी चहा तसाच ठेवून स्वतःही एकदा काढून पाहिली. डबा परत भिंतीवर गेला, रेघांनुसार वायरी लागल्या, पिन खोचली. दिवे आधी पिवळे, मग विझलेले, मग बराच वेळ काहीच नाही. सगळे उभे. प्राचार्य बाईंकडे बघत होते आणि बाई दिव्यांकडे. एक हिरवा लागला. मग दुसरा. नेट आलं.

एवढं झाल्यावर संस्थेने राउटर शिकवायची काही सोय केली असेल, असं वाटत असेल तर तुम्ही संस्था पाहिलेल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात केबिनमधल्या डब्याभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा बसला. पिंजऱ्याला कुलूप. प्राचार्यांचा हुकूम निघाला: लेखी परवानगीशिवाय नेटला कुणीही हात लावायचा नाही, किल्ली स्टोअरकडे. बाईंनी तो हुकूम वाचला आणि त्यांना वाटलं, घरी जावं, दार लावावं आणि उद्यापासून शिवण शिकवावं.

नवी बॅच आली. धडा आला. बाई तक्त्यापुढे उभ्या राहिल्या, भोकातून चुना दिसला, आणि त्यांनी खडू खाली ठेवला. वऱ्हांड्यातून तडक त्या स्टोअरच्या दारात गेल्या. भांडायची पूर्ण तयारी होती. काचेच्या कपाटात तो पोकळ डबा अजून होता, आता विनाअभ्र्याचा. टेबलामागे कुलूपकाका निळ्या पायपिंगच्या फडक्याने आपला चष्मा पुसत होते.

"काका, किल्ली हवीय."

काकांनी चष्मा घातला. "लेखी आणलंय?"

"नाही!" बाई कडाडल्या. "आणि आणणारही नाही! तुम्ही आणि तुमचं लेखी..."

काकांनी खण उघडला. किल्ली काढली, तिच्याबरोबर टॉर्च काढली आणि दोन्ही टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली.

"मग बोलत काय उभ्या राहिलात?" ते म्हणाले. "साहेब जेवायला गेलेत. चला लवकर, स्टूल मी धरतो."